आशेला अवजार देणारे डॉ. कालबाग

शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात केंदूर आणि पाबळ ही शेजारची गावे. केंदूरला संत कान्होराज महाराज पाठक यांची समाधी, तर पाबळला मस्तानीची कबर. बाहेरच्यांना ही गावे अशा खुणांनी ठाऊक असतात. तिथे राहणाऱ्यांना मात्र रोज आठवण होते ती पाण्याची. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस या पट्ट्यापर्यंत पोहोचेतो त्यातला बराचसा संपलेला असतो. यंदा तरी बरे पीकपाणी होईल, असे म्हणत आभाळाकडे पाहणे हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडले आहे.

१९८३ मध्ये या कोरडवाहू भागात मुंबईहून एक शास्त्रज्ञ राहायला आले. वय पंचावन्नच्या घरात, अमेरिकेतली डॉक्टरेट आणि बड्या कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या वरिष्ठ पदाचा अनुभव. त्यांचे नाव डॉ. श्रीनाथ शेषगिरी कालबाग. पाबळमध्ये त्यांनी उभा केलेला विज्ञान आश्रम आज देशभर ओळखला जातो. त्यांना जाऊन दोन दशके उलटली. तरीही आशावाद आणि कृती यांचे नाते समजून घ्यायचे, तर त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा पाहावे लागते.

नोकरी सोडून खेड्याकडे

डॉ. कालबाग यांचा जन्म १९२८ चा. मुंबईत रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि १९५५ मध्ये अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून परतले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काही वर्षे काम केल्यावर ते मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कशी जमवायची, हा तिथल्या अभियांत्रिकी संशोधनाचा रोजचा प्रश्न. चुकले तर कुठे चुकले ते मोजायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा करून पाहायचे, ही सवय तिथे पक्की झाली.

निवृत्तीला अवकाश असतानाच त्यांनी १९८२ मध्ये नोकरी सोडली. देशात शाळा वाढत होत्या, तरी गावोगावची असंख्य मुले दहावीपर्यंत पोहोचण्याआधीच गळत होती. गळालेल्या मुलावर नापासाचा शिक्का बसे. त्या मुलाला डोके नाही, असे गाव म्हणे आणि हळूहळू तो मुलगाही तसेच मानू लागे. डॉ. कालबाग यांना हे निदान मान्य नव्हते. माणूस जन्मल्यापासून हाताने करून पाहत शिकतो. चालणे, बोलणे, गुरे राखणे, नांगर धरणे हे कुणी फळ्यावर शिकवत नाही. शाळेने हात बाजूला ठेवून फक्त पाठांतराला महत्त्व दिले, तर दोष मुलाचा नसून पद्धतीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे भाषणातून मांडून त्यांना थांबता आले असते. त्यांनी ते गृहीतक मानले आणि तपासायला घेतले. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या, पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला. जागाही विचारपूर्वक निवडली. सुपीक, बागायती गावात प्रयोग यशस्वी झाला असता, तर श्रेय पाण्याला गेले असते. पाबळ कोरडवाहू होते, दुष्काळी होते आणि देशातल्या असंख्य खेड्यांसारखे होते. इथे जमले, तर इतरत्रही जमेल, हा त्यामागचा हिशेब. पत्नी मीरा कालबाग याही त्यांच्यासोबत पाबळला आल्या.

गाव हीच प्रयोगशाळा

आश्रमात येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी शाळा सोडलेली होती. त्यांना एकाच धंद्यात तरबेज करण्याऐवजी गावाला लागणारी बहुतेक कामे थोडी थोडी शिकवायची, असे ठरले. त्यासाठी चार विभाग झाले. अभियांत्रिकीत वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. ऊर्जा आणि पर्यावरणात वीजजोडणीपासून जमिनीच्या मोजणीपर्यंतची कामे. तिसरा विभाग शेती व पशुपालनाचा आणि चौथा गृह व आरोग्याचा.

या कामांना खरे गिऱ्हाईक असे, हा या पद्धतीचा कणा. मुलाने केलेले फाटक गावातल्या कुणाच्या तरी कुंपणाला लागणार आणि तो त्याचे पैसे मोजणार. वेल्डिंग कच्चे राहिले, तर गुणपत्रिकेवर लाल रेघ येण्याआधी फाटकच निखळून पडणार. मग ते पुन्हा जोडायचे. अपयश इथे शिक्का होऊन बसत नसे. नेमके काय सुधारायचे, तेवढे सांगून ते बाजूला होई.

केंदूर-पाबळच्या दृष्टीने यातले सर्वांत जिव्हाळ्याचे काम म्हणजे भूगर्भातील पाण्याचा शोध. विहीर किंवा बोअर घेणे हा शेतकऱ्यासाठी मोठा जुगार. कर्ज काढून खोदायचे आणि कोरडी धूळ वर आली की कपाळाला हात लावायचा. नारळ किंवा काठी घेऊन पाणी सांगणाऱ्यावर विश्वास टाकण्याखेरीज अनेकांपुढे पर्याय नसे. डॉ. कालबाग यांनी जमिनीचा विद्युतरोध मोजणारे कमी खर्चाचे यंत्र आश्रमात तयार करवले आणि ते मुलांच्या हाती दिले.

त्याचे तत्त्व साधे आहे. जमिनीत एका रेषेत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांमधून वीज सोडायची आणि आतल्या दोहोंमध्ये विद्युतदाब किती येतो, ते मोजायचे. सळ्यांमधले अंतर वाढवत नेले की प्रवाह अधिकाधिक खोल जातो. अखंड काळा पाषाण विजेला मोठा विरोध करतो. झिजलेल्या, भेगाळलेल्या आणि ओल धरलेल्या खडकात हा विरोध कमी होतो. आकडे आलेखावर मांडले की कोणत्या खोलीवर पाणी असण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधता येतो.

हा अंदाजच असतो, खात्री नसते, हेही मुले शिकत. तरीही नुसत्या आशेवर खोदणे आणि मोजून खोदणे यांत मोठा फरक आहे. शाळेत गणिताला घाबरलेला मुलगा शेतात उभा राहून भागाकार करी, कारण त्या उत्तरावर शेजारच्या शेतकऱ्याचे पैसे अवलंबून असत. पाण्याची इच्छा तीच, पण आता तिला जोडून एक करण्याजोगे काम आले होते.

आरोग्य विभागातही हेच सूत्र. मुले-मुली रक्तगट तपासायला आणि हिमोग्लोबिन मोजायला शिकत. गावातल्या माणसाला आपला रक्तगट माहीत असणे अपघाताच्या वेळी उपयोगी पडते. हिमोग्लोबिनचा आकडा समोर आला की थकवा म्हणजे नशिबाचा किंवा आळसाचा भाग राहत नाही. तो रक्तक्षयाचा असू शकतो आणि त्यावर आहार व औषध हे उपाय असतात, हे कळते. जे मोजता येते, ते बदलण्याचा प्रयत्न करता येतो, हा धडा विहिरीपासून शरीरापर्यंत एकच होता.

मानसशास्त्र काय सांगते?

पाबळमध्ये हे सुरू होण्याच्या आधीपासूनच मानसशास्त्रज्ञही याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने येत होते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ च्या प्रयोगांत दाखवले, की ज्या प्राण्यांना टाळता न येणारा त्रास वारंवार भोगावा लागला, त्यांपैकी अनेकांनी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही धडपड केली नाही. सतत नापास ठरणाऱ्या मुलाचे मन काहीसे असेच होते. उत्तर येत असतानाही ते हात वर करत नाही.

यावरचा उपाय अल्बर्ट बंडुरा यांच्या संशोधनात सापडतो. १९७७ मध्ये त्यांनी स्वसामर्थ्याची कल्पना मांडली. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास माणसात कुठून येतो? दुसऱ्याचे पाहून येतो, कुणी धीर दिल्याने येतो, पण सर्वांत भक्कम विश्वास स्वतः एखादे काम पार पाडल्याच्या अनुभवातून येतो. शाबासकीपेक्षा स्वतः जोडलेले आणि टिकलेले फाटक जास्त बळ देते, ते यामुळेच.

नुसत्या गोड कल्पनांचा तोटाही होऊ शकतो. गाब्रिएल ओटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याचा कार्यक्रम घेतलेल्या स्त्रियांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक उतरले. मात्र सडपातळ झाल्याच्या सुखद चित्रात रमणाऱ्यांचे वजन तुलनेने कमी उतरले. ध्येय गाठल्याचे सुख मनाला आधीच मिळून गेले, तर धडपडीचा जोर ओसरतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे ओटिंगेन यांनी सुचवलेली पद्धत अशी : आधी हवे ते डोळ्यांसमोर आणा, लगेच त्याच्या आड येणारा अडथळा पाहा आणि तो आला की काय करायचे, ते ठरवून ठेवा.

डॉ. कालबाग यांनी ही संज्ञा वापरली नसेल, पण त्यांच्या कामाची घडण नेमकी अशी होती. खेडे स्वतःच्या पायावर उभे राहील, हे त्यांचे चित्र. पैसा, पाणी आणि कौशल्य यांची चणचण हे अडथळे. प्रत्येक अडथळ्यावर एखादे अवजार. मोठा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून ‘मेकबुल’ हा कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टर. घराला लागणारे सामान महाग म्हणून त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे राहणारे घुमटाकार घर, जे ‘पाबळ डोम’ नावाने ओळखले गेले. त्रिकोण दाबाखाली आकार बदलत नाही आणि घुमट कमी सामानात जास्त जागा झाकतो, हे भूमितीचे दोन नियम मुले भिंत बांधता बांधता शिकली.

जमले ते आणि राहिले ते

आश्रमाचा एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने मान्य केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकावे, हा विषयही राज्यात पूर्वव्यावसायिक विषय म्हणून आला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’ पाबळमध्ये सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिन नीट जुळवणे अशा गावच्याच गरजांवर तिथे काम सुरू झाले.

जुलै २००३ मध्ये डॉ. कालबाग यांचे निधन झाले. त्यांनी पाहिलेले चित्र पूर्ण झाले, असे म्हणता येणार नाही. राज्यातल्या हजारो शाळांच्या तुलनेत त्यांची पद्धत स्वीकारणाऱ्या शाळा थोड्या आहेत. परीक्षेचा आणि पाठांतराचा पगडा तसाच आहे. पाण्यासाठीचा झगडाही या पट्ट्याला चुकलेला नाही. दुष्काळ एका माणसाच्या आशावादाने हटत नाही. त्याला धोरण, निधी आणि सामूहिक प्रयत्न लागतात. सगळे काही मनोवृत्तीवर सोडून दिले, तर संकटात सापडलेल्यालाच दोषी धरण्याची चूक होते. डॉ. कालबाग यांनी ती केली नाही. नापास मुलाला त्यांनी सकारात्मक राहण्याचा उपदेश केला नाही, त्याच्या हातात वेल्डिंगची कांडी दिली.

म्हणूनच त्यांचे आयुष्य आरोग्याच्या साध्या संकल्पांनाही लागू पडते. मधुमेह आटोक्यात आणायचा, चालणे सुरू करायचे, व्यसन सोडायचे किंवा आजारपणानंतर पुन्हा कामाला लागायचे असेल, तर आधी आजची स्थिती मोजावी. वाटेतला सर्वांत मोठा अडथळा नाव घेऊन ओळखावा. या आठवड्यात पुरे होईल एवढेच छोटे काम हाती घ्यावे आणि ते झाले की नाही, याची नोंद ठेवावी. चुकले तर पद्धत बदलावी, स्वतःला नापास ठरवू नये. मन सतत खचलेले राहत असेल, तर डॉक्टरांची मदत घेणे हीदेखील कृतीच आहे.

केंदूर-पाबळच्या शिवारात आजही शेतकरी आभाळाकडे पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. डॉ. कालबाग यांनी तिथल्या पोरांना आभाळाकडे पाहून झाल्यावर जमिनीत चार सळ्या ठोकायला शिकवले.