नीरो : सेनेकाचा शिष्य

रोम जळत असताना नीरो फिडल वाजवीत होता, हे वाक्य आपल्याकडील अग्रलेखांतून आणि राजकीय भाषणांतून इतक्या वेळा येऊन गेले आहे की, या माणसाविषयी आणखी काही जाणून घ्यावे असे सहसा कोणाला वाटत नाही. वास्तविक फिडल हे वाद्य त्या काळी अस्तित्वातच नव्हते आणि आग लागली तेव्हा नीरो रोममध्येही नव्हता. या दंतकथेने एक मोठे नुकसान केले. नीरोच्या आयुष्यातील खरोखर अस्वस्थ करणारा भाग तिच्यामागे झाकला गेला. वयाची सतरा वर्षे पुरी होण्याआधीच गादीवर आलेल्या या मुलाच्या कारकिर्दीची पहिली पाच वर्षे रोमन साम्राज्याला सुखाची गेली होती. ती पाच वर्षे अन्य कोणत्याही सम्राटाच्या कारभाराहून सरस होती, असे मत पुढच्या शतकातील सम्राट ट्रॅजनच्या नावावर सांगितले जाते. ट्रॅजन हा उत्तम राज्यकर्त्यांत गणला जाणारा सम्राट होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मताचे वजन कळते.

इसवी सन 37 च्या 15 डिसेंबरला अँटियम या समुद्रकाठच्या गावी नीरोचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव लुसियस डोमिशियस अहेनोबार्बस. वडील तो लहान असतानाच वारले. आई अग्रिपिना ही सम्राट कॅलिग्युलाची सख्खी बहीण. भावानेच तिला बेटावर हद्दपार केल्यामुळे मुलगा काही काळ आत्याच्या घरी वाढला. 41 साली कॅलिग्युलाचा खून झाला, त्याचा चुलता क्लॉडियस गादीवर आला आणि अग्रिपिना परतली. परतली ती एक निश्चय करूनच. 48 मध्ये क्लॉडियसची पत्नी मेसालिना मारली गेली आणि पुढच्याच वर्षी अग्रिपिनाने आपल्या या सख्ख्या चुलत्याशी विवाह केला. असा विवाह रोमन कायद्याला निषिद्ध होता. त्यासाठी सेनेटने खास ठराव केला.

क्लॉडियसला ब्रिटॅनिकस नावाचा स्वतःचा मुलगा होता. तरीही 50 साली अग्रिपिनाच्या मुलाचे दत्तकविधान झाले आणि त्याला नीरो हे नाव मिळाले. तीन वर्षांनी क्लॉडियसची मुलगी ऑक्टाव्हिया हिच्याशी त्याचे लग्न लावण्यात आले. दत्तकाच्या नात्याने ती त्याची बहीण ठरत होती. म्हणून तिला आधी कागदोपत्री दुसऱ्या घराण्यात दत्तक देण्याची युक्ती करावी लागली. 54 सालच्या 13 ऑक्टोबरला क्लॉडियस मरण पावला. अळंबीच्या पदार्थातून अग्रिपिनाने त्याला विष घातले, असे प्राचीन इतिहासकार लिहितात. त्याच दिवशी नीरोला शरीररक्षक दलाच्या छावणीत नेऊन सम्राट म्हणून पुढे करण्यात आले. प्रत्येक शिपायाला 15 हजार सेस्टर्स बक्षीस जाहीर झाले. वारशाचा प्रश्न तेवढ्यात मिटला.

या मुलाच्या हाती राज्य आले खरे, पण कारभार दोन माणसांच्या हाती होता. एक सेनेका. स्पेनमध्ये जन्मलेला हा तत्त्वज्ञ कॉर्सिका बेटावर आठ वर्षे हद्दपारी भोगत होता. अग्रिपिनाने त्याला मुलाचा शिक्षक म्हणून 49 मध्ये परत आणले. दुसरा बुरस, शरीररक्षक दलाचा प्रमुख, रोखठोक सैनिक. सेनेकाने लिहून दिलेले पहिले भाषण नीरोने सेनेटपुढे वाचले. त्यात राजवाड्याच्या बंद दाराआड खटले चालविणार नाही आणि सेनेटचे अधिकार सेनेटकडेच राहतील, अशी ग्वाही होती. बरीचशी ती पाळलीही गेली. 58 मध्ये नीरोने सर्व अप्रत्यक्ष कर रद्द करण्याची कल्पना मांडली. सल्लागारांनी साम्राज्याचे दिवाळे निघेल असे सांगून त्याला परावृत्त केले. पण करवसुलीचे नियम जाहीर रीतीने लावण्याचा आणि मक्तेदारांच्या जुलमाला आळा घालण्याचा हुकूम मात्र निघाला. एका देहदंडाच्या आज्ञेवर सही करण्याची वेळ आली तेव्हा आपल्याला अक्षरओळखच नसती तर बरे झाले असते, असे उद्गार त्याने काढल्याचे खुद्द सेनेकाने नोंदविले आहे.

हा मुलगा ढोंग करीत होता, असे मानण्याचे कारण नाही. त्याला गाणे, चित्रे, घोडे आणि रथ यांचे वेड होते. लोकांनी आपल्यावर प्रेम करावे अशी विलक्षण भूक होती. मात्र त्याला सांभाळण्यासाठी गुरूंनी जो मार्ग निवडला त्यात पुढची सारी आपत्ती दडलेली होती. राजपत्नी ऑक्टाव्हियाला टाकून तो अक्टे नावाच्या मुक्त गुलाम स्त्रीच्या प्रेमात पडला, तेव्हा सेनेका आणि बुरस यांनी तिकडे डोळेझाक केली. तरुण सम्राटाची हौस अशी भागली तर कुलीन घरांवर संकट येणार नाही आणि राज्यकारभार बिनबोभाट चालेल, हा त्यांचा हिशेब होता. अग्रिपिनाचा प्रभाव कमी करण्यासही तो उपयोगी पडला. गादीवर आल्या वर्षीच्या नाण्यांवर आई आणि मुलगा समोरासमोर आहेत. काही काळाने आई नाण्यांवरून दिसेनाशी होते.

चिडलेल्या अग्रिपिनाने खरा वारस ब्रिटॅनिकस आहे, अशी धमकी दिली. 55 सालच्या प्रारंभी, चौदावा वाढदिवस तोंडावर आला असताना, ब्रिटॅनिकस राजवाड्यातील भोजनाच्या वेळी सर्वांदेखत कोसळला. चाखून पाहिलेले गरम पेय त्याला दिले गेले आणि ते निवविण्यासाठी घातलेल्या गार पाण्यात विष होते, असे टॅसिटस लिहितो. हा फेपऱ्याचा जुना विकार आहे, असे नीरोने सांगितले आणि जेवण पुढे चालू राहिले. मृताच्या मृत्यूनंतर नीरोने आपल्या निकटवर्तीयांवर देणग्यांची खैरात केली आणि नीतिमत्तेबद्दल ख्याती असलेल्या मंडळींनी अशा वेळी वाडे व बागा वाटून घ्याव्यात, याची त्या काळीही कुजबुज झाली. त्यानंतर वर्षाच्या आतबाहेरच सेनेकाने दयेवरचा आपला ग्रंथ नीरोला उद्देशून लिहिला आणि त्यात या तरुण सम्राटाचे हात रक्ताने माखलेले नाहीत, याबद्दल त्याची स्तुती केली. पाच चांगल्या वर्षांचा हिशेब मांडताना हे पानही उघडावे लागते.

पुढची चार वर्षे वरवर शांततेत गेली. रात्री वेष पालटून टोळक्यासह रस्त्यांवर दंगा करण्याचा नाद त्याला याच काळात लागला. अंधारात मॉन्टॅनस नावाच्या एका सेनेटरने त्याला चोप दिला. नंतर कोणाला मारले हे ओळखून त्याने क्षमा मागितली आणि त्या क्षमायाचनेपायीच त्याला आत्महत्या करावी लागली. ओळख पटलेला सम्राट मार खाल्लेला असून चालत नाही.

59 साली नीरो एकवीस वर्षांचा होता. पॉपिया सबायना ही देखणी व महत्त्वाकांक्षी स्त्री त्याच्या आयुष्यात आली होती; तिचा नवरा ऑथो याला लुसिटानियाचा सुभेदार करून दूर पाठविण्यात आले होते. आई जिवंत असेतो ऑक्टाव्हियाशी काडीमोड शक्य नाही, असे पॉपिया त्याला ऐकवीत असे. त्या मार्चमध्ये नीरोने आईला बाये येथील उत्सवासाठी बोलाविले, प्रेमाने मेजवानी दिली आणि परतीच्या प्रवासासाठी एक सजविलेली नौका दिली. आरमारप्रमुख अॅनिसेटसने ती अशी बांधून घेतली होती की, भर समुद्रात तिचे छत कोसळावे. छत कोसळले, पण अग्रिपिना वाचली. तिची सोबतीण असेरोनिया हिने आपणच अग्रिपिना आहोत असे ओरडून मदत मागितली, तेव्हा वल्ह्यांनी झोडपून तिला ठार करण्यात आले. अग्रिपिना गुपचूप पाण्यात उतरली आणि जखमी खांद्याने पोहत निघाली. वाटेत तिला होड्या भेटल्या. घरी पोहोचल्यावर तिने सारे ओळखले. तरी काही न समजल्याचे दाखवून आपण सुखरूप असल्याचा निरोप मुलाकडे पाठविला.

निरोप येताच नीरो भेदरून गेला. त्याने मध्यरात्री सेनेका आणि बुरसला उठवून बोलाविले. इतिहासातील हा एक असा प्रसंग आहे की, त्यात बोलले गेले त्याहून न बोललेले अधिक महत्त्वाचे ठरते. दोघेही बराच वेळ गप्प राहिले. मग सेनेकाने बुरसकडे पाहून शिपायांना हुकूम देता येईल का, अशी पृच्छा केली. जर्मॅनिकसच्या मुलीवर आपले शिपाई शस्त्र उचलणार नाहीत, अॅनिसेटसने सुरू केलेले काम त्यानेच पुरे करावे, असे बुरसने सुचविले. हे करू नये, असे दोघांपैकी कोणीही म्हटल्याची नोंद नाही. निरोप्याच्या पायांशी तलवार टाकून तो मारेकरी असल्याचा बनाव करण्यात आला आणि अॅनिसेटसच्या माणसांनी अग्रिपिनाला तिच्या शयनगृहात ठार केले. आईने कट केला होता आणि तो फसल्यामुळे तिने प्राण दिला, असे सांगणारे नीरोचे पत्र सेनेटकडे गेले. ते सेनेकाने लिहून दिले होते, हे सर्वांनीच ओळखले. सेनेटने देवांचे आभार मानण्याचे ठराव केले. थ्रासिया पीटस नावाचा एक सभासद तेवढा काही न बोलता सभागृहातून उठून गेला. सात वर्षांनी त्याला प्राण गमवावे लागले.

रोमला परतताना लोक काय करतील या भीतीने नीरो कॅम्पेनियात रेंगाळत होता. प्रत्यक्षात त्याचे स्वागत विजयी सेनापतीसारखे झाले. कुटुंबासह नागरिक रस्त्यांत उभे होते, सेनेटर सणाच्या पोशाखात होते. आपण काहीही करू शकतो, हे त्या दिवशी त्याला राजधानीनेच शिकविले.

62 साली बुरस वारला. त्याच्या जागी आलेला टिगेलिनस हा सम्राटाच्या प्रत्येक लहरीला वाट करून देणारा माणूस होता. सेनेकाने आपली अफाट संपत्ती परत देऊन निवृत्ती मागितली. नीरोने गोड शब्दांत नकार दिला, पण गुरूचे दरबारातील दिवस संपले. त्याच वर्षी ऑक्टाव्हियाला वांझपणाच्या आरोपावरून टाकण्यात आले. रोमची जनता तिच्यासाठी रस्त्यावर आली, पॉपियाचे पुतळे तिने पाडले. तेव्हा ऑक्टाव्हियावर व्यभिचाराचा खोटा आळ घेण्यात आला, पँडॅटेरिया बेटावर तिला धाडण्यात आले आणि तेथे तिच्या नसा कापण्यात आल्या. वयाची विशीच तिने जेमतेम ओलांडली होती.

64 सालच्या जुलैची आग सहा दिवस धुमसली, विझली आणि पुन्हा भडकली. शहराच्या चौदा विभागांपैकी तीन बेचिराख झाले, सात उद्ध्वस्त झाले, चारच वाचले. अँटियमहून परतलेल्या नीरोने आपल्या बागा निर्वासितांना खुल्या केल्या, धान्य मागविले, भाव उतरविले. नव्या बांधकामासाठी रुंद रस्ते, मर्यादित उंची आणि घराघरांच्या वेगळ्या भिंती असे नियम केले. ते अतिशय शहाणपणाचे होते. पण शहर जळत असताना तो खासगी रंगमंचावर ट्रॉयच्या दहनाचे गीत गात होता, ही वावडी तोवर पसरली होती. आईला मारणाऱ्याने शहर जाळले असेल, यावर विश्वास ठेवायला कोणालाच जड गेले नाही. संशय टाळण्यासाठी त्याने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला आणि त्यांना हिंस्र कुत्र्यांपुढे टाकले, क्रुसावर चढविले, रात्री दिव्यांसारखे जाळले. जळालेल्या जागेवर सुवर्णगृह हा अवाढव्य प्रासाद, कृत्रिम सरोवर आणि स्वतःचा सुमारे 120 फुटी पुतळा उभारण्याचे काम निघाले. पैसा अपुरा पडू लागताच नाण्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण घटविण्यात आले. भारताशी व्यापार करणाऱ्यांना हा बदल बरोबर उमगला असावा. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसची जुनी, कसदार नाणीच बहुसंख्य आहेत.

65 साली पिसोचा कट उघडकीस आला. तो दडपताना सेनेकालाही मरणाची आज्ञा झाली. नसा कापून, विष घेऊन, शेवटी गरम वाफेच्या स्नानगृहात गुदमरून त्याने प्राण सोडला. कवी ल्यूकन हा त्याचा पुतण्याही गेला. सुब्रियस फ्लेव्हस या अधिकाऱ्याला निष्ठेची शपथ का मोडली असे विचारले गेले. नीरो प्रेमास पात्र होता तोवर आपल्याइतका निष्ठावान शिपाई दुसरा नव्हता; तो आईचा व पत्नीचा खुनी, सारथी, नट आणि आग लावणारा झाला तेव्हापासून आपण त्याचा द्वेष केला, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. नीरोला त्या कटात याहून झोंबणारे काही ऐकावे लागले नाही. गरोदर पॉपियाही त्याच वर्षी मेली. नीरोने रागाच्या भरात मारलेल्या लाथेने ती मेली, असे सांगतात.

यानंतरचा भाग हास्यास्पद आणि करुण आहे. 66 साली तो ग्रीसला गेला आणि वर्षभराहून अधिक काळ गात, रथ हाकीत फिरला. त्याच्यासाठी ऑलिंपिक सामने पुढे ढकलण्यात आले होते. दहा घोड्यांच्या रथातून तो पडला, शर्यत पुरी करू शकला नाही, तरी विजेता तोच ठरला. इकडे ज्युडियात बंड पेटले होते आणि पूर्वेकडील त्याचा सर्वोत्तम सेनापती कॉर्ब्युलो याला त्यानेच आत्महत्या करायला लावली होती. 68 मध्ये गॉलमध्ये व्हिंडेक्सने आणि स्पेनमध्ये गाल्बाने बंड केले. व्हिंडेक्स हरला, पण रोममध्ये शरीररक्षक दल फुटले आणि सेनेटने नीरोला राज्याचा शत्रू ठरविले. मोजक्या नोकरांसह तो शहराबाहेरच्या एका मुक्त गुलामाच्या घरी लपला. घोडेस्वारांच्या टापा ऐकू आल्या तेव्हा चिटणीस एपाफ्रोडिटसच्या मदतीने त्याने गळ्यात कट्यार खुपसली. तो 9 जूनचा दिवस होता. ऑक्टाव्हियाही त्याच तारखेला मारली गेली होती, असे सुएटोनियस नमूद करतो. नीरोचे वय अवघे तीस होते.

ही सारी कथा आपल्यापर्यंत आणणारे इतिहासकार त्याचे मित्र नव्हते. टॅसिटस त्या वेळी लहान मुलगा होता, सुएटोनियस नुकताच जन्मला असेल किंवा नसेल, डिओ कॅसियस तर दीडशे वर्षांनंतरचा. तिघेही सेनेट आणि सरदारवर्गाच्या नजरेने पाहतात. सामान्य जनतेचे मत वेगळे असावे. त्याच्या थडग्यावर कितीतरी वर्षे फुले वाहिली जात होती आणि पूर्वेकडे आपणच नीरो आहोत असे सांगणारे तोतये उभे राहून अनुयायीही मिळवीत होते. त्याच्या अस्थी गोळा करून पित्याच्या घराण्याच्या थडग्यात ठेवणाऱ्या तीन स्त्रिया होत्या : दोन दाया आणि अक्टे. सुवर्णगृहाचे सरोवर पुढे व्हेस्पासियनने आटवून त्या जागी लोकांसाठी विशाल अॅम्फिथिएटर बांधायला घेतले. जवळच उभ्या असलेल्या नीरोच्या त्या महाकाय पुतळ्याचा चेहरा सूर्यदेवाचा करण्यात आला, आणि त्या पुतळ्यावरूनच शतकांनंतर त्या अॅम्फिथिएटरला कोलोसियम हे नाव पडले.