सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर



पनवेलहून पेण, वडखळ करीत आपण अलिबागला गेलात, तर तेथून रेवसच्या वाटेवर सासवणे गाव लागते. ते आपल्याच रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले. याच गावी 2 ऑक्टोबर 1891 रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरी गणपतीच्या मूर्ती होत असत. त्यामुळे मुलाचा हात लहानपणीच मातीत रमला.

गावातील राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडले आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले.

वाचकहो, येथे घटकाभर थांबा. त्या काळी आपल्या आज्यापणज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्याचीही बंदी होती. मग चित्र काढायला भिंत कोठली? आपल्या वस्तीतही हाताची कला असलेली पोरे होती. त्यांची रेघ कोणा कलेक्टरच्या दृष्टीस पडलीच नाही.

करमरकरांनी मात्र मिळालेल्या संधीचे सोने केले. सुरेंद्रनाथ टागोरांच्या आग्रहावरून ते 1916 मध्ये कलकत्त्यास गेले व 1920 मध्ये पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. परतल्यावर पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे काम त्यांच्याकडे आले. हे स्मारक व्हावे म्हणून पुढाकार घेतला होता कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. 1920 साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांना जाहीर पाठिंबा देणारे ते हेच शाहू महाराज. 1922 मध्ये ते निवर्तले. पुतळा त्यांना पाहता आला नाही.

असा पुतळा आधी मातीत घडवतात, मग प्लास्टरचा साचा काढतात आणि शेवटी वितळलेला धातू ओततात. ओतताना चूक झाली की महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाते. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा तो पुतळा करमरकरांनी मुंबईत माझगावला एकसंध ओतविला. जून 1928 मध्ये पुण्यात त्याचे अनावरण झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता.

पुढे अनेक थोर पुरुषांचे पुतळे त्यांनी घडविले. पद्मश्रीचा मान मिळाला. परंतु सासवण्याच्या त्यांच्या घरी जाऊन पाहा. तेथे कोळ्याची पोर आहे, अंगणात बसलेली म्हैस आहे. साध्या सिमेंटमधूनही त्यांनी जिवंतपणा आणला. चौथऱ्यावर ज्यांना कोणी बसविले नसते, त्यांनाही त्यांनी तितक्याच आदराने न्याहाळले. 13 जून 1967 रोजी त्यांचे निधन झाले. त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे.

आयाबहिणींनो, आपल्या लेकराने कोळशाने भिंत रंगविली तर त्याच्या पाठीत धपाटा घालू नका. त्याला पाटी द्या, कागद द्या, शाळेत गुरुजींना दाखवा. ती रेघ पाहणारे पहिले डोळे आपलेच असू द्या.