रमाबाई रानडे आणि दुपारचे वर्ग

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह आमच्या चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे यापलीकडे हातात लेखणी फारशी धरली नाही. मग मनात आले, ज्यांच्याविषयी लिहावे असे फार दिवस वाटत आहे त्या रमाबाई रानडे सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. तेव्हा कुठे धीर आला.

२०१२ साली त्यांच्यावर दूरचित्रवाणीवर मालिका लागत असे. भांडी तशीच ठेवून आपण साऱ्याजणी ती बघत होतो. त्यातली चिमुकली रमा सर्वांच्या लक्षात आहे. मला सांगावयाचे आहे ते पुढच्या रमाबाईंविषयी, ज्या माझ्याएवढ्याच वयाच्या झाल्या होत्या.

त्यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. माहेरचे नाव यमुना. अकराव्या वर्षी, १८७३ साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले. ते बिजवर आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले, म्हणून लोकांनी त्यांना पुष्कळ नावे ठेवली. मलाही ते आवडत नाही, खरे ते लिहिते. परंतु त्यांनी लागलीच तिला शिकवावयास घेतले, आणि मराठीवर न थांबता पुढे इंग्रजीही शिकविले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच खपत नसे. दिवसभर टोमणे ऐकायचे, सांगितलेले काम निमूटपणे करायचे आणि रात्री धडा द्यायचा. सुनेने उलट बोलू नये आणि पुस्तकही सोडू नये, ही कसरत किती कठीण असेल ते ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले त्यांनाच कळेल. पुढे पुण्यात १८८२ साली पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. तिथे या जात, म्हणून घरचा राग आणखी वाढला.

१९०१ साली रानडे गेले. मूलबाळ नाही, वय एकोणचाळीस. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोपऱ्यात बसून राहिल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. काही काळ त्या बाहेर पडल्याही नाहीत. पुढे मात्र येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटावयास जाऊ लागल्या. १९०८ साली मुंबईत मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले, त्याच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली पुण्याचे सेवासदन स्वतःच्या राहत्या वाड्यात सुरू केले. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. गोपाळ कृष्ण देवधर यांचे मोठे साहाय्य त्यांना होते.

तिथे यायच्या त्या लहान मुली नव्हेत, मोठ्या बायका. कोणी लेकुरवाळी, कोणी टाकलेली, कोणी विधवा. संसाराची कामे सांभाळून येता यावे म्हणून वर्ग दुपारी असत. लिहिणे-वाचणे, शिवण, गाणे, जखमेवरचे प्रथमोपचार, पुढे इंग्रजी, आणि शिक्षिका होण्याचे शिक्षणही. बाहेरगावच्यांसाठी वसतिगृह निघाले. आपल्या मंडळाचा शिवणवर्ग दुपारी अडीचला का असतो, ते कोणी विचारले तर मी हेच सांगते!

एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, तांबडे लुगडे नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यावयास व्यासपीठाकडे निघाली. सज्ज्यात बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली. रमाबाई शांत स्वभावाच्या, पण त्या उठल्या आणि भर सभेत त्या शिकलेल्या मुलांची चांगली खरडपट्टी काढली. ज्या बाईला घरच्यांनीच असे केले, ती धीर करून चार अक्षरे शिकली, तिला हसता, हा त्यांचा रोख होता. हे ऐकल्यापासून रमाबाई मला कोणी मोठ्या न वाटता जवळच्या वाटू लागल्या.

सर्वांत जास्त बोलणी खावी लागली ती परिचारिकांच्या शिक्षणापायी. चांगल्या घरच्या मुलींनी परक्या माणसांना शिवायचे, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचे, हे ऐकूनच लोक अंगावर येत. तरी सेवासदनाने मुली ससून इस्पितळात शिकावयास पाठविल्या.

हे मी वाचले ते उशिरा. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकटीने नर्सिंगला जाते म्हटले तेव्हा नाक मुरडणारी मीच होते. रात्रपाळी, लग्न कसे जमायचे, लोक काय म्हणतील, सगळे बोलून झाले. पोर तीन दिवस जेवली नाही नीट. ह्यांनी काही न बोलता फॉर्मवर सही केली. मंडळाच्या वाचनालयातले पुस्तक त्यानंतर हाती आले आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडी माझेच शब्द सापडले. फार लाज वाटली.

रमाबाई अखेरपर्यंत कामात होत्या. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून पुण्यात खटपट केली, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी झटल्या. रानड्यांबरोबरच्या संसाराच्या आठवणी १९१० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, त्या मराठीत अजून वाचल्या जातात. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली जन्मशताब्दीला सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे.

आमची धाकटी आता दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रपाळी असली की संध्याकाळी सहाला डबा भरून देते. मागच्या आठवड्यात मेथीची भाजी तिच्या मैत्रिणींनीच संपविली म्हणून आज दोन पोळ्या जास्त लाटल्या.