दिग्दर्शकांचे उस्ताद : ऋत्विक घटक

तुम्ही सर्वांनी चित्रपट पाहिले असतील. नटनट्यांची नावे तर तुम्हांला तोंडपाठ असतात. पण पडद्यावर कधी न दिसणारा एक माणूस असतो. नटाने कोठे उभे राहायचे, कॅमेरा कोणत्या बाजूला ठेवायचा, कोणत्या क्षणी वाद्य वाजवायचे आणि कोणत्या क्षणी शांतता ठेवायची, हे तोच ठरवतो. उर्दूत आपण त्याला हिदायतकार म्हणतो. मराठीत त्याला दिग्दर्शक म्हणतात. दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखवणारा. दोन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांच्या किती जवळ आहेत, पाहा!

हे काम शाळेत शिकता येते का? होय, येते. आपल्या महाराष्ट्रातच त्याची एक नामवंत संस्था आहे. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर पूर्वी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा प्रसिद्ध चित्रपट याच कंपनीचा. पुढे कंपनी बंद पडली. १९६० साली भारत सरकारने त्याच जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. आज ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. पदवी मिळाल्यानंतर, प्रवेश परीक्षा देऊन, येथे दिग्दर्शनाचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो.

तेथे काय शिकवतात, असे तुम्ही विचाराल. एक सोपे उदाहरण घ्या. पडद्यावर एका माणसाचा चेहरा दिसतो. त्यानंतर लगेच भाकरी दिसते. तुम्हांला वाटते, हा माणूस भुकेला आहे. आता त्याच चेहऱ्यानंतर जनाजा दाखवला, तर तोच माणूस दुःखी वाटतो. चेहरा बदललेला नाही. फक्त त्याच्या शेजारचे चित्र बदलले. रशियातील कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने अशा प्रयोगातून ही गोष्ट दाखवून दिली. चित्रे एकापुढे एक जोडण्याच्या या कामाला संकलन म्हणतात. पटकथा, छायाचित्रण, ध्वनी, अभिनय यांचाही अभ्यास करावा लागतो. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. दिग्दर्शन शिकणाऱ्याला दोन्ही अर्थांची तालीम घ्यावी लागते.

याच पुण्याच्या संस्थेत १९६५ च्या सुमारास एक शिक्षक आले. ते थोडाच काळ तेथे राहिले, पण त्यांचे नाव आजही तेथे आदराने घेतले जाते. त्यांचे नाव ऋत्विक घटक.

ऋत्विक घटक यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ रोजी ढाका येथे झाला. त्यांच्याबरोबर एक जुळी बहीणही जन्मली. वडील सुरेशचंद्र हे जिल्हा न्यायदंडाधिकारी होते. थोरले बंधू मनीष घटक हे बंगालीतील लेखक होते आणि प्रसिद्ध लेखिका महाश्वेता देवी या मनीष यांच्या कन्या. अशा सुशिक्षित घरात ऋत्विक वाढले. त्यांचे लहानपण पूर्व बंगालात, पद्मा नदीच्या परिसरात गेले. नद्या, होड्या आणि नावाड्यांची गाणी त्यांच्या मनात कायमची बसली.

पण पुढचे दिवस कठीण होते. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण फाळणीही झाली. ऋत्विक यांचे बालपण जेथे गेले, तो भाग आता दुसऱ्या देशात गेला. कलकत्त्यात निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. स्टेशनवर, फुटपाथवर, झोपड्यांत माणसे राहू लागली. हिजरत म्हणजे काय, हे ऋत्विक यांनी पुस्तकात वाचले नाही, डोळ्यांनी पाहिले. ही जखम त्यांच्या मनात जन्मभर राहिली.

त्यांनी इंग्रजी घेऊन एम. ए. करण्यास सुरुवात केली होती. तो अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला. ते 'इप्टा' या नाट्यसंघटनेत गेले. नाटके लिहिली, बसवली, त्यांत कामे केली. पण नाटक एका वेळी शे-दोनशे माणसेच पाहू शकतात. चित्रपट लाखो लोकांपर्यंत पोहोचतो. म्हणून ते चित्रपटाकडे वळले.

त्यांचा पहिला चित्रपट 'नागरिक' १९५२ साली पूर्ण झाला. तो त्यांच्या हयातीत प्रदर्शित झालाच नाही! १९५८ साली 'अजांत्रिक' आला. एक टॅक्सीवाला आणि त्याची जुनी, खिळखिळी मोटार यांच्या मैत्रीची ती गोष्ट आहे. त्याच साली हिंदीत 'मधुमती' आला. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी तो नक्की पाहिला असेल. बिमल रॉय यांच्या या चित्रपटाची कथा ऋत्विक घटक यांची आणि संवाद उर्दूचे मोठे कथाकार राजिंदर सिंह बेदी यांचे. 'मधुमती' खूप चालला. मुंबईत राहून अशाच कथा लिहिल्या असत्या, तर ऋत्विक यांना पैशांची चिंता उरली नसती. पण त्यांना स्वतःला जे सांगायचे होते ते सांगण्यासाठी ते बंगालमध्येच काम करत राहिले.

१९६० साली त्यांचा 'मेघे ढाका तारा' आला. या नावाचा अर्थ ढगाने झाकलेली चांदणी. नीता ही निर्वासित कुटुंबातील मुलगी. ती नोकरी करून सारे घर चालवते. भाऊ गायक होतो, ज्याच्याशी तिचे लग्न व्हायचे तो तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न करतो आणि नीता स्वतः क्षयाने आजारी पडते. एका प्रसंगी आपला विश्वासघात झाल्याचे नीताला कळते. ती जिना उतरू लागते आणि आपल्याला चाबकाचे फटके ऐकू येतात. पडद्यावर चाबूक कोठेच नाही. तो फटका नीताच्या काळजावर पडलेला आहे. ध्वनी किती बोलू शकतो, हे या एका प्रसंगातून दिग्दर्शनाचे विद्यार्थी आजही शिकतात.

हा चित्रपट चालला. पण १९६१ चा 'कोमल गांधार' पडला. 'सुवर्णरेखा' १९६२ मध्ये तयार झाला, तोही १९६५ पर्यंत पडून राहिला. काम मिळेना. मनाने खचलेल्या ऋत्विक यांना दारूचे व्यसन लागले. त्याने त्यांच्या प्रकृतीची आणि संसाराची फार हानी केली. मोठ्या माणसाच्या चुकाही खऱ्या असतात, त्या झाकून ठेवू नयेत.

अशा दिवसांत ते पुण्याला आले. प्रथम त्यांनी व्याख्याने दिली, मग ते संस्थेचे उपप्राचार्य झाले. ज्यांनी स्वतः कोणत्याही चित्रपटशाळेत शिक्षण घेतले नव्हते, एम. ए. सुद्धा पुरे केले नव्हते, ते आता पदवीधर मुलांना दिग्दर्शन शिकवू लागले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या सरावाच्या लघुपटांवर देखरेख केली. संस्थेच्या आवारात आंब्याचे एक जुने झाड आहे. त्याच्या सावलीत त्यांचे वर्ग रंगत, असे तेथील लोक सांगतात. यंत्र कसे चालवायचे हे पुस्तकातून कळते. पण आपल्या मातीतील गाणी, पुराणकथा, नाटक आणि रस्त्यावरच्या माणसाचे दुःख कळल्याशिवाय कॅमेऱ्याला काय दाखवायचे हे कळत नाही, ही त्यांच्या शिकवणीची दिशा होती.

आता त्यांचे शागीर्द पाहा. मणी कौल यांनी 'उसकी रोटी' केला. एक स्त्री बसचालक नवऱ्यासाठी रोटी घेऊन रस्त्यावर वाट पाहत बसते, एवढीच त्याची गोष्ट. कुमार साहनी यांचा 'माया दर्पण' १९७२ चा. त्याला हिंदीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जॉन अब्राहम यांनी केरळात सामान्य लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' हा मल्याळम चित्रपट केला.

यात एक नवल आहे. ऋत्विक यांच्या चित्रपटांत भावना उसळून येतात, माणसे आक्रोश करतात. मणी कौल आणि कुमार साहनी यांचे चित्रपट मात्र शांत आणि संथ आहेत. शागीर्दांनी उस्तादाची नक्कल केली नाही. उस्तादाने त्यांना आपली चाल दिली नव्हती, नजर दिली होती. ती घेऊन प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला.

ऋत्विक घटक पुण्यातून परत गेले. १९७० मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी तेथे जाऊन कोळी लोकांच्या जीवनावर 'तिताश एकटि नदीर नाम' हा चित्रपट केला. तो १९७३ साली आला. दुरावलेल्या नद्या त्यांना पुन्हा भेटल्या. पण शरीर साथ देत नव्हते. शेवटच्या 'जुक्ती तक्को आर गप्पो' या चित्रपटात त्यांनी स्वतःच एका दारूड्या विचारवंताची भूमिका केली. आपला दोष त्यांनी सर्वांसमोर मांडला. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे पन्नास वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांचा पहिला चित्रपट 'नागरिक' प्रदर्शित झाला. पंचवीस वर्षांनी!

मित्रांनो, शेतकरी पेरतो आणि चार महिन्यांत पीक घेतो. शिक्षकाचे पीक यायला वर्षे लागतात. कधी ते पाहायला तो स्वतः नसतो. ऋत्विक घटक यांना तिकीटबारीवर फारसे यश मिळाले नाही. तरी पुण्यातील त्या थोड्या दिवसांचे फळ साऱ्या देशाला मिळाले. उद्या तुमच्यापैकी कोणी पदवी घेऊन दिग्दर्शन शिकायला गेला किंवा गेली, तर त्या आंब्याच्या झाडाखाली क्षणभर जरूर उभे राहा. आणि त्याआधी, आजपासूनच, आपल्या मोहल्ल्यातील माणसांकडे नीट पाहायला शिका. दिग्दर्शनाचा पहिला धडा तोच आहे.