बाबूराव अर्नाळकर : श्रीमंत घरातील खून आणि मराठी वाचक

मराठी कथात्म साहित्याच्या इतिहासात बाबूराव अर्नाळकर यांचा उल्लेख बहुधा संख्येपुरता येतो. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे लेखक एवढीच त्यांची ओळख उरते आणि त्या कथांच्या स्वरूपाचा विचार मागे पडतो.

अर्नाळकरांचा जन्म १९०६ चा. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास सोसला. पुढे मुंबईत त्यांनी चष्म्याचे दुकान चालविले. १९४० नंतरच्या दशकांत त्यांच्या छोटेखानी पुस्तकांचा ओघ सुरू झाला. धनंजय, झुंजार, काळापहाड, दर्यासारंग हे त्यांचे नायक घरोघरी परिचित झाले.

त्यांच्यापूर्वी गो. ना. दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या आधारे अद्भुतरम्य रहस्यकथन मराठीत रुजविले होते. अर्नाळकरांनीही इंग्रजी रहस्यकथांचे ऋण घेतले. परंतु रहस्य त्यांनी समकालीन महानगरात आणले. धनिकाचा बंगला, मृत्युपत्र, वारसांमधील वैर, विश्वासू म्हणविणारा नोकर ही सामग्री तशी परकीय. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९२० मधील पहिल्या रहस्यकादंबरीत श्रीमंत गृहस्वामिनीचा खून होतो आणि संशय घरातल्यांवरच येतो. तेथे उलगडा मुख्यतः त्या घराच्या चौकटीतच तर्काने होत जातो. अर्नाळकरांचे कथानक मात्र बंगल्याचा उंबरठा लवकर ओलांडते आणि पाठलाग, वेषांतर, साहस यांच्या आधारे शहरभर फिरते. त्यामुळे कुटुंबातील अविश्वासाचे चित्रण काहीसे उथळ राहते, ही त्यांची मर्यादा होय. तथापि संपत्ती आणि नातेसंबंध यांतील ताण सामान्य वाचकापर्यंत सोप्या, गतिमान गद्यातून त्यांनी पोहोचविला, हेही तितकेच खरे.

१९६० नंतर वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहत होते. मराठी ज्ञानभाषा व्हावी, हा त्यामागील ध्यास होता. त्याच काळात वाचनालयांतून हातोहात फिरणारी अर्नाळकरांची पुस्तके मराठीला वाचनाची भाषा करीत होती. पहिल्या प्रयत्नाची योग्य दखल विद्वानांनी घेतली. दुसऱ्याची घेतली नाही. वास्तविक ज्ञानग्रंथालाही वाचनाची सवय असलेला समाज लागतो, आणि ती सवय केवळ अभिजात ग्रंथांनी लागत नाही.

१९९६ मध्ये अर्नाळकरांचे निधन झाले. हलक्या कागदावर छापलेली, वाचून जीर्ण होणारी अशी पुस्तके ग्रंथालये सहसा जतन करीत नाहीत. ती नाहीशी झाल्यास केवळ एका लेखकाचे लेखन लुप्त होणार नाही. विसाव्या शतकातील मराठी वाचकाच्या अभिरुचीचा एक महत्त्वाचा पुरावाच नष्ट होईल. अर्नाळकरांचे वाङ्मयीन मूल्य कमी ठरविण्याचा अधिकार समीक्षेला आहे, पण तो न वाचता बजावता येत नाही.