विषाणूची वीण उलगडणारी रोझालिंड

पावसाळ्यात आमच्या धानाच्या भागात मी आरोग्यसेविकांबरोबर वस्त्यांवर जाते. बांध्यांत पाणी साचतं, डास वाढतात आणि जपानी मेंदूज्वराची धास्ती सुरू होते. गेल्या वर्षी लस द्यायला बाळ घेऊन आलेल्या एका आईने विचारलं, की डोळ्यांना न दिसणारा हा विषाणू असतो तरी कसा? मी बी.ए. झालेली, मला काही उत्तर देता येईना. घरी येऊन वाचायला बसले आणि रोझालिंड फ्रँकलिन भेटली.

२५ जुलै १९२० रोजी लंडनच्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून, कोळशावर संशोधन करून तिने १९४५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे पॅरिसमध्ये ती क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना शोधायला शिकली. जाळीतून भिंतीवर पडलेले कवडसे पाहून जाळीची नक्षी ओळखावी, तसं हे काम. फोटोत नुसते ठिपके दिसतात, बाकी सगळं गणित!

१९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. मे १९५२ मध्ये तिथे तिने आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने डीएनएचा तो प्रसिद्ध फोटो काढला. तो तिच्या नकळत जेम्स वॉटसनला दाखवला गेला. डीएनएच्या शोधाचं नोबेल १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं, तेव्हा ती हयातही नव्हती. तिची गोष्ट बहुतेक जण इथेच संपवतात. मला मात्र तिची शेवटची पाच वर्षंच जास्त मोलाची वाटतात.

१९५३ मध्ये ती बर्कबेक कॉलेजात गेली आणि विषाणूंच्या मागे लागली. आधी घेतला तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा विषाणू. तो काडीसारखा, मधून पोकळ. पोकळीभोवती प्रथिनांचे एकसारखे कण गोल जिन्यासारखे चढत गेलेले. त्याचा आनुवंशिक धागा पोकळीत नसून त्या कणांतच गुंफलेला असतो, हे तिने दाखवलं. मग तिने पोलिओचा विषाणू हाती घेतला.

१९५६ मध्ये अमेरिकेत असताना तिचं पोट फुगू लागलं. निदान झालं अंडाशयाच्या कर्करोगाचं. शस्त्रक्रिया झाल्या, तरी ती पुन्हा प्रयोगशाळेत हजर! १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी ती गेली. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. त्यात तिच्या विषाणूची प्रतिकृती मांडलेली होती. पोलिओचं अर्धवट काम तिचे सहकारी आरन क्लुग आणि जॉन फिंच यांनी पूर्ण केलं आणि १९५९ मध्ये तो लेख तिच्या स्मृतीला अर्पण केला. क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं.

मेंदूज्वराच्या विषाणूवर रोझालिंडने काम केलं नव्हतं. पण विषाणूची रचना शोधण्याची वाट पाडणाऱ्यांत ती होती. त्या वाटेने पुढे गेलेल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची बारीक रचना प्रसिद्ध केली. तो चेंडूसारखा गोल असून त्यावर एकाच प्रथिनाचे १८० तुकडे फरशीसारखे बसवलेले आहेत. लस घेतल्यावर शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं मुख्यतः याच फरशीला चिकटतात आणि विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत.

यंदा मी त्या आईला हे सांगितलं. फरशीचा चेंडू म्हणताच ती हसली आणि दुसऱ्या डोसची तारीख विचारून घेतली. तुमच्या जिल्ह्यात ही लस दिली जात असेल, तर नवव्या महिन्यानंतरचा पहिला आणि सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा डोस चुकवू नका. तापात मुलाला झटके आले, ते गुंगीत गेलं, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. आणि हो, स्वतःचं पोट सारखं फुगत असेल, तर तेही घरकामाच्या रगाड्यात विसरू नका.