डॉक्टर आणि धर्मभगिनी : सिस्टर मेरी ग्लॉवरी

आज जगातील अनेक विद्यापीठांत 'जागतिक आरोग्य' या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. शंभर वर्षांपूर्वी या विषयाला नावही नव्हते. तरीही ऑस्ट्रेलियातील एका कॅथलिक डॉक्टर तरुणीने त्याची तयारी आपल्या परीने पूर्ण केली आणि मगच ती भारतात आली. सिस्टर डॉ. मेरी ग्लॉवरी यांच्या जीवनातील हा भाग आम्हांला विशेष मोलाचा वाटतो.

मेरी यांचा जन्म २३ जून १८८७ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातील बिरेगुरा येथे झाला. (आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन झाले तेही याच वर्षी.) घरी रोजच्या रोझरीनंतर चांगले धर्मगुरू आणि चांगले डॉक्टर लाभावेत म्हणून प्रार्थना होत असे. शिष्यवृत्तीच्या बळावर त्या मेलबर्नला शिकल्या आणि १९१० साली वैद्यकीय पदवीधर झाल्या. पुढे तेथील रुग्णालयांत त्यांनी काम केले, कॉलिन्स स्ट्रीटवर दवाखानाही थाटला. व्यवसायात जम बसला होता.

१९१५ साली डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर महिलेविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. भारतात पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत आणि त्यामुळे माता व बालके उपचारावाचून दगावत. ही पुस्तिका वाचूनच मेरी यांना आपले पाचारण उमगले.

मात्र त्या लगेच निघाल्या नाहीत. महायुद्ध चालू होते. शिवाय १९१६ साली कॅथलिक महिलांच्या नव्या सामाजिक संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हे सर्व सांभाळून त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि डिसेंबर १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग व नेत्ररोग या विषयांत एम. डी. पदवी संपादन केली. प्रेषितकार्याला कनवाळू अंतःकरण पुरेसे असते, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. अडलेल्या बाळंतिणीला मात्र आधी निष्णात हात हवे असतात. अभ्यासात गेलेली ही वर्षे आमच्या मते त्यांच्या पाचारणाचाच भाग होती.

फेब्रुवारी १९२० मध्ये त्या गुंटूरला पोहोचल्या आणि येशू, मरिया, जोसेफ या डच धर्मभगिनींच्या संस्थेत दाखल झाल्या. आणखी एक अडचण होती. ख्रिस्तसभेच्या तत्कालीन नियमांनुसार व्रतस्थ भगिनींना वैद्यकीय व्यवसायाची, विशेषतः प्रसूतीच्या कामाची, मोकळीक नव्हती. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मेरी यांना खास अनुमती दिली. इतर धर्मभगिनींसाठी ही वाट रोमने १९३६ साली खुली केली. तोवर किती स्त्रिया उपचारांना मुकल्या असतील, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

गुंटूरच्या छोट्या दवाखान्याचे पुढे सेंट जोसेफ रुग्णालय झाले. सिस्टर तेलुगू शिकल्या, खेड्यापाड्यांत फिरल्या, देशी औषधी वनस्पतींचाही त्यांनी अभ्यास केला. एकट्या डॉक्टरने हा डोंगर उचलणे अशक्य आहे हे जाणून त्यांनी स्थानिक स्त्रियांना परिचारिका, सुईणी व औषध देणाऱ्या मदतनीस म्हणून तयार केले. त्यांच्या कामातील हा भाग रुग्णालयाच्या इमारतीपेक्षाही दूरदृष्टीचा होता.

१९४३ साली गुंटूर येथे धर्मभगिनींच्या एका छोट्या मेळाव्यात कॅथलिक हॉस्पिटल असोसिएशन स्थापन झाली. सिस्टर मेरी तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आज साडेतीन हजारांहून अधिक आरोग्यसंस्था या संघटनेशी जोडलेल्या आहेत.

भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय असावे, ही त्यांची मोठी आकांक्षा होती. कर्करोगाच्या वेदना सोसत ५ मे १९५७ रोजी त्या बंगळूर येथे निवर्तल्या; मायदेशी त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. २०१३ साली ख्रिस्तसभेने त्यांना देवाची सेविका म्हणून घोषित केले. त्यांच्या स्वप्नातील महाविद्यालय, सेंट जॉन्स, १९६३ साली बंगळूरमध्येच सुरू झाले.